नळाला पाणी, बटणाला दिवा: गावी राहून आल्यावर

रानजाई

मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मुक्कामाला होते. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाड्याचं नाव लिहीत नाही. त्या घराने मला पाहुणी म्हणून जपलं, त्यांच्या अडचणी नावानिशी चारचौघांत मांडणं बरं वाटत नाही. आम्ही मुलुंडला राहतो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, चौथा मजला. परत आल्यापासून या घरातल्या अगदी साध्या गोष्टींबद्दल इतकं भरभरून वाटतंय की इथे चर्चेचा धागाच काढला.

पहिलं पाणी. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पाड्याची विहीर उताराखाली आहे. मेमध्ये तिच्या तळाला खडकाच्या फटीतून जेवढा पाझर येईल तेवढंच पाणी. रात्रभरात साठलेलं पाणी पहिल्यांदा पोचणाऱ्यांना मिळतं, म्हणून बायका अंधारातच निघतात. एकजण खाली उतरते, वाटीवाटीने कळशी भरते, वरची ती दोरीने ओढून घेते. साठा संपला की पुन्हा पाझर येईपर्यंत कठड्याशी बसून राहायचं. मग डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि समोर चढ. दुसऱ्या दिवशी जिच्या दारात वऱ्हाड येणार होतं ती नवरीची आईसुद्धा त्या रांगेत होती. लग्नासाठी विकतचा टँकर सांगितला होता, पण तो वेळेवर येईलच याची खात्री कुणालाच नव्हती, त्यामुळे घरातल्या पोरी आदल्या दिवसापासून पिंपं भरत होत्या. आम्हा पाहुण्यांना मात्र आंघोळीला बादलीभर पाणी वेगळं काढून ठेवलेलं असायचं. त्या पाण्याने अंग धुताना तांब्या हातात जड वाटायचा.

घरी आल्यावर हिशोब मांडला. शहराची पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. मोठ्या हंड्यात साधारण १५ लिटर मावतं. म्हणजे माझ्या एकटीच्या वाटणीला नऊ हंडे आणि आमच्या चौघांच्या घराला छत्तीस. हे छत्तीस हंडे रोज चौथ्या मजल्यावर येतात आणि त्यासाठी आमच्या घरातल्या कुणाचीही पहाट खर्ची पडत नाही. जलजीवन मिशनची घोषणा २०१९ मध्ये झाली. त्यात खेड्यातल्या माणसासाठी रोजचं प्रमाण ठरलं ५५ लिटर, चार हंड्यांपेक्षा कमी. त्या पाड्यावर नळाचा पाइप दारापर्यंत आलेला मी पाहिला. तोटी कोरडी होती, एका पोराने तिला गुरांची दावण बांधली होती.

माझी मैत्रीण दहावी झाली ती वाशिंदला मामाकडे राहिली म्हणून. तिची मोठी बहीण घरी राहिली, पाण्याला जात राहिली, सातवीत शाळा सुटली. दोघींच्या डोक्यात काही फरक नाही, मी दोघींशी तासन्‌तास बोलले आहे. नळ म्हणजे काय ते मला या दोघी बहिणींकडे पाहून कळलं. माझं शिक्षण, माझी नोकरी, संध्याकाळी लेकीचा अभ्यास घेताना शांत असणारं माझं डोकं, या सगळ्याच्या तळाशी तो नळ आहे.

संडासाचं थोडक्यात लिहिते. स्वच्छ भारत अभियानातून पाड्यावर घरोघरी संडास झालेत, त्यासाठी बारा हजारांचं अनुदानही मिळालं. पण उन्हाळ्यात तिथे सरपण ठेवतात. आपल्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी सहा लिटर तरी पाणी जातं, म्हणजे जवळजवळ अर्धा हंडा. तिथल्या कुठल्या बाईने डोक्यावरून आणलेलं पाणी त्यात ओतावं? म्हणून मग अंधार पडायची वाट पाहायची. दिवसभर पाणी कमी प्यायचं, म्हणजे वेळ येणार नाही. हे मला नवरीच्या मावशीने सांगितलं, तेही अगदी सहज, रोजची गोष्ट सांगावी तसं.

आपल्याकडे शहरातल्या घराला नावं ठेवायची फार सवय आहे. कोंदट, चौकोनी, शेजारधर्म नसलेलं. आणि गाव म्हटलं की अंगण, आंब्याची सावली, चुलीवरची भाकरी. मलाही चुलीवरची भाकरी आवडते. पण सुट्टीत गावी जाऊन ज्या आजीच्या हातची भाकरी आपण खाल्ली, त्या आजीने सरपणाची मोळी कुठून आणली, फुंकणी फुंकताना तिच्या डोळ्यांतून किती पाणी आलं, आपण पाय धुतलेलं पाणी कोणत्या विहिरीवरून आलं, हे त्या आठवणींत फारसं नसतं. तो आनंद दुसऱ्याच्या कष्टावर उभा होता. आता मला माझं घर आवडतं असं मोकळेपणाने म्हणावंसं वाटतं. नळ सोडला की पाणी येतं, बटण दाबलं की दिवा लागतो, रात्री बारा वाजता दार लावून संडासला जाता येतं. हे सुख फार मोठं आहे.

तुम्हालाही गावाहून परतल्यावर घरातलं काय नव्याने दिसलं ते लिहा. गावात राहणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

---

चाळकरी

रानजाई, अक्षर न् अक्षर पटलं. फक्त एक भर घालतो. तुम्ही ज्याला शहरातलं घर म्हणता ते शहरातल्या सगळ्यांचं नाही. आम्ही परळच्या चाळीत वाढलो. नळाला पाणी पहाटे यायचं, तेवढ्यात पिंपं, हंडे, तपेल्या सगळं भरून घ्यायचं. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून. आईचे गुडघे गेले तेव्हा रात्री तिला धरून तिथवर न्यावं लागायचं, आणि आत दिवा नसला की मी बाहेर टॉर्च धरून उभा.

२०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत नोंदली गेली होती. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचं धोरण यायला २०२२ साल उजाडलं. त्याआधी कित्येक वस्त्यांना रीतसर जोडणीचा अर्ज करण्याचीही सोय नव्हती, पाणी पिंपाच्या भावाने विकत घ्यावं लागायचं. इमारतीतल्या माणसाला तेच पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत पडतं.

आता कल्याणला ब्लॉक आहे, घरात संडास आहे. आई शेवटची काही वर्षं तिथे होती. रात्री ती स्वतः उठून जायची, कुणाला उठवायची नाही. ती गेल्यावरही मी त्या दाराकडे पाहतो तेव्हा मनापासून बरं वाटतं, की निदान एवढं तिला देता आलं.

---

देवरुखवाट

थोडं वेगळं मत मांडतो. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. वरच्या सड्याजवळ (कातळाच्या पठाराजवळ) बारमाही झरा आहे, तिथून पाइपने घरापर्यंत पाणी आपोआप उतरतं, पंप लागत नाही. एप्रिल-मेमध्ये धार बारीक होते, पण आटत नाही. अख्खं गाव वर्षातून एकदा झऱ्याचं तोंड साफ करतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मला टँकरची वाट पाहावी लागते, गावी नाही. तेव्हा गाव म्हणजे हाल, असं सरसकट म्हणू नये.

तरीही विजेचं मान्य. कोकणात पावसाचे चार महिने वीज कधी जाईल आणि कधी येईल याला नेम नाही. फांदी तारेवर पडते, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळते, आणि वायरमन एकच, त्याच्याकडे गावं डझनभर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. खांब आडवे, माडबागा आडव्या. माझी आत्या दापोलीजवळ राहते. तिच्या घरी इन्सुलिन फ्रिजमध्ये असायचं. वीज गेल्यावर ते मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. तेव्हापासून पुण्यातल्या घरात फ्रिजची घरघर ऐकू आली की मला धीर येतो.

---

उपकेंद्र

मी आरोग्यसेविका आहे, पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बरीच वर्षं काढली. सासर ठाण्यात. इथे सगळ्यांनी पाणी आणि वीज लिहिलीय, म्हणून मी एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहिते: पलंग.

पावसाळ्यात आमच्याकडे मण्यारीचे दंश येतात. मण्यार रात्रीची फिरते, उंदीर आणि इतर साप शोधत घरात शिरते, आणि माणूस जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला असतो. झोपेत कूस बदलताना तिच्यावर हात पडतो आणि ती चावते. वाईट हे की दुखत फारसं नाही, सूज येत नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा धरतो, पापण्या उचलत नाहीत. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं. तोवर विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर उतारा म्हणून आपल्याकडचं एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं. पण तिथे पोचायला वेळ लागतो.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिने किती जीव वाचवले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. पाडा ओढ्यापलीकडे असला तर माणसाला झोळीत घालून चालत आणावं लागतं. बाळंतिणीलाही तसंच. पावसात ओढा फुगला असेल तर अलीकडे थांबून पाणी उतरायची वाट बघायची. ती वाट बघणं ज्याने केलंय त्यालाच माहीत.

म्हणून मी पाड्यापाड्यावर एकच सांगत फिरते: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. एवढ्यानेच मण्यारीचे दंश पुष्कळ टळतात, आणि हिवताप टळतो ते वेगळंच. पण ज्या घरात सहा माणसं आणि एक खाट, तिथे खाटेवर कोण झोपणार? म्हातारी म्हणते पोरांना झोपू दे, पोरांची आई म्हणते सासूबाईंना झोपू दे.

ठाण्याच्या घरी मी रात्री पलंगावर आडवी होते. खाली घट्ट बसवलेली फरशी आहे, दाराखाली फट नाही, खिडक्यांना जाळी आहे, रिक्षाने दहा मिनिटांवर रुग्णालय आहे. मी दिवा मालवते आणि निर्धास्त झोपते. निर्धास्त झोप काय असते हे त्या पाड्यांवर राहिल्याशिवाय मला कळलं नसतं.

विंचवाबद्दल एक लिहायलाच हवं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात खेड्यातल्या रुग्णांवर उपचार करता करता विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध कसं वापरायचं ते दाखवून दिलं. कोकणातला लाल विंचू आधी फार माणसं मारायचा, लहान मुलं तर जास्तच दगावायची. या औषधाने ते चित्र पालटलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची सोय हाताशी नसताना झालेलं हे काम आहे, त्यामुळे आम्हा खेड्यात काम करणाऱ्यांना त्याचा फार अभिमान वाटतो.

---

रानजाई

उपकेंद्र ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. पाड्यावर आम्हा पाहुण्यांना खाटा दिल्या होत्या आणि घरची माणसं खाली झोपली होती. त्यामागे इतकं असेल हे ध्यानात आलं नव्हतं. मैत्रिणीला आजच मच्छरदाण्यांबद्दल विचारलं. तिच्या घरी दोन आहेत, दोन्ही फाटक्या. लहान मुलं किती, खाटा किती, तेही विचारून घेते.

देवरुखवाट, तुमच्या झऱ्याबद्दल वाचून फार आनंद झाला. जिथे गाव मिळून झऱ्याचं तोंड साफ करतं तिथलं सुख खरंच आमच्या नळापेक्षा वरचं.

---

जुन्नरी

आमच्याकडे पाणी आहे, धरणं आहेत, कालवे आहेत, ऊस आहे. भीती वेगळी आहे. शेतीच्या मोटारीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन बारं धरायला (पिकाला पाणी वळवायला) जातात. उसात बिबट्या असतो. मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात, त्यांना तेच जंगल. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, वनखाते पिंजरे लावतं, पण रात्री बांधावर एकटा माणूस असतो तो असतोच.

मी पिंपरीत नोकरीला आहे. रात्री दुसरी पाळी संपवून सोसायटीच्या गेटपर्यंत चालत येतो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. बस, एवढंच. वडिलांना फोन करतो, त्यांनी उचलला की मग जेवायला बसतो. दिवसा वीज देणारी सौर वाहिनी आमच्या भागात लवकर पूर्ण होवो ही मनापासून इच्छा. शेतकऱ्याला रात्री झोप मिळाली पाहिजे.

---

मांजराकाठ

लातूरचा आहे. आमच्या शहरातल्या नळाला २०१६ च्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पाणी नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर माणसं गाडी बघायला जमली होती. तेव्हा आम्ही शहरवाले आणि बाजूच्या खेड्यातले एकाच रांगेत उभे राहिलो. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती.

आज घरी नळ आहे, पाणी येतं तेव्हा येतं. माझी बायको अजूनही भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपडे धुतलेलं पाणी संडासात वापरते. आम्हाला नळाची किंमत कळायला गावी जावं लागलं नाही.

---

तानसानळ

मी निवृत्त आहे, पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं. मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर ते छत्तीस हंडे येतात कसे, हे सांगायचा मोह होतो.

मुंबईचा पहिला तलाव विहार, १८६० मध्ये पुरा झाला. १८७९ मध्ये तुळशी. हे दोन्ही तुमच्या डोंगरापलीकडे, शहराच्या हद्दीत. त्यांनी भागेना म्हणून शहर ठाणे आणि पुढे नाशिक जिल्ह्यात गेलं: १८९२ मध्ये तानसा, मग १९५७ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर, जे नगर अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे २०१४ मध्ये मध्य वैतरणा. सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होतं, आणि शहर रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर घेतं. यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचं.

भातशाचं पाणी धरणातून नदीत सोडतात. ते वाहत पिशाला येतं. तिथे बंधारा आहे, पंप आहेत. पंपांनी उचललेलं पाणी पांजरापूरला शुद्ध होतं आणि तिथून मोठ्या नळांतून मुंबईकडे निघतं. पिशाची वीज काही तास गेली तरी दुसऱ्या दिवशी अर्ध्या शहरात पाणी कमी दाबाने येतं, पेपरात बातमी येते ती त्यामुळे. मग विभागाविभागातल्या टेकडीवरच्या जलाशयांत पाणी चढवायचं आणि तिथून ठरल्या वेळी वॉल्व्ह उघडायचे. ते उघडणारे चावीवाले रात्री-अपरात्री, गुडघाभर पावसात फिरतात. ज्यांना आपल्या घरातल्या नळाबद्दल कृतज्ञता वाटते त्यांनी या माणसांनाही त्यात धरावं. फार कमी लोकांना ती माणसं दिसतात.

आता तुमच्या मनात येणारा प्रश्न. शहापुरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मोठमोठी धरणं आहेत, मग मेमध्ये विहीर कोरडी का? एक तर सगळा काळा कातळ. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. खडकात मुरायला वाव कमी, म्हणून फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी खाली जातात. दुसरं, धरण दरीत असतं आणि पाडे वर, टेपावर. पाणी डोळ्यांना दिसतं, पण ते वर चढवायला पंप, वीज, टाकी आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. तिसरं, धरणं बांधली गेली ती शहरासाठी, आणि गावांसाठी वेगळी नळयोजना त्याच वेळी, त्याच पैशात करावी असा आग्रह तेव्हा कुणी धरला नाही. ते व्हायला हवं होतं, हे मी आज ठामपणे म्हणतो. धरणासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या नळाला पहिलं पाणी यायला हवं होतं.

---

भातसाकाठ

शहापूर तालुक्यातलाच आहे. डोळखांबच्या बाजूला घर, शेती थोडी, खासगी नोकरी आसनगावला. रोज ट्रेनने मुंबईकडे जाणारी माणसं बघतो. धागा पहिल्यापासून वाचला.

रानजाई ताई, तुम्ही आमच्या बायकांबद्दल जे लिहिलंत ते खरं आहे आणि आदराने लिहिलंत, म्हणून उत्तर देतोय. लोक येतात, फोटो काढतात, विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो दर मे महिन्यात कुठेतरी छापून येतो. माझ्या चुलतीचा आला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही पाड्याचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत.

नळाची तोटी कोरडी का, ते सांगतो. आमच्याकडे याआधीही योजना आल्या. विहीर खणली, पंप बसवला, टाकी बांधली. वर्षभर पाणी आलं. मग विजेचं बिल थकलं. पाणीपट्टी कुणी भरली, कुणी नाही, कारण पाणी कुणाकडे आलं, कुणाकडे नाही. शेवटच्या घराला दाब पोचत नाही, मग ते घर पैसे का देईल? बिल थकल्यावर जोडणी तोडली. मोटार जळाली ती दुरुस्तीला नेली ती परत आली नाही. त्यानंतर नव्या योजनेत नवे पाइप आले, पण त्यांना पाणी द्यायचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, तोच जुना, मेमध्ये आटणारा. इगतपुरीकडच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायच्या योजनेवर आमची सगळी आशा आहे. उताराने आलं तर पंपाचं बिल नाही, आणि बिल नाही तर योजना टिकेल. आमच्या पाड्यापर्यंत ते अजून आलेलं नाही.

आणि देवरुखवाट म्हणतात तेही खरं. पावसाळ्यात इकडे या. भात लावणीला अख्खा पाडा एकमेकांच्या शेतात जातो. माझ्या मुलाला दहा घरांत जेवण मिळतं. मी मुंबईत खोली घेऊन राहू शकलो असतो, राहिलो नाही. पण माझ्या बायकोला विचारलंत तर ती म्हणेल, घर इथलं आणि नळ तिकडचा द्या. तिचं चूक नाही. तिला काही वर्षांपूर्वी उज्ज्वलातून गॅस मिळाला, तेव्हापासून खोकला कमी झाला. टाकी संपली की पैशांची जुळवाजुळव होईस्तोवर पुन्हा चूल, पण निदान सकाळचा चहा धुराशिवाय होतो. त्या शेगडीला ती हात लावू देत नाही कुणाला, रोज पुसून ठेवते.

म्हणून म्हणतो, शहरातल्या सुखाबद्दल लिहिताना संकोच करू नका. ते सुख चांगलंच आहे. आम्हालाही तेच हवंय.

---

चाळकरी

भातसाकाठ दादा, शेवटच्या ओळींसाठी नमस्कार. एक विचारू? ते गोल पिंप असतं ना, जमिनीवरून ढकलत न्यायचं, ते तुमच्याकडे उपयोगी पडेल का? आमच्या ऑफिसात काही जणांनी मिळून पैसे काढायची तयारी आहे.

---

भातसाकाठ

चाळकरी साहेब, सपाटीवरच्या गावांना चांगलं आहे. आमच्याकडे पायवाट दगडांची आणि चढाची, भरलेलं पिंप वर ढकलताना मागे घसरतं, बाईच्या अंगावर येईल. द्यायचंच असेल तर दोन कामं सांगतो. एक, विहिरीतला गाळ. पाणी तळाला गेल्यावरच तो काढता येतो, म्हणजे एप्रिलअखेर ते पाऊस लागेपर्यंत. गाळ निघाला की पाझराची तोंडं मोकळी होतात आणि पुढच्या वर्षी पाणी थोडं जास्त दिवस टिकतं. दोन, कठडा. आमच्या विहिरीला एका बाजूने कठडाच नाही, पहाटे अंधारात बायका तिथूनच ओढतात. मजुरी आमची पोरं करतील. सिमेंट, खडी आणि गाळ काढायला क्रेनचं भाडं, एवढंच लागेल.

---

रानजाई

भातसाकाठ दादा, मैत्रिणीच्या भावाशी बोलले. त्यांच्या विहिरीचंही तेच आहे, कठडा खचलाय. दोन्ही कामं एकाच क्रेनमध्ये होतील का, भाडं वाटून? आमच्या सोसायटीच्या सभेत विषय ठेवला होता, बऱ्याच जणांनी होकार दिला. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट वॉल्व्ह कित्येक महिने गळत होता, तोही त्याच दिवशी बदलून घेतला. तानसानळ काका, कठड्याचं माप आणि सिमेंटचा अंदाज तुम्ही बघून द्याल का?

---

तानसानळ

जरूर. विहिरीचा व्यास, आत्ताच्या कठड्याची उंची आणि दगड कुठला उपलब्ध आहे एवढं कळवा. शक्य झालं तर रविवारी मी स्वतः येतो, आसनगावपर्यंत लोकल आहेच.

---

भातसाकाठ

व्यास, उंची मोजून रानजाई ताईंना आणि काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. दगड ओढ्यातला आहे, भरपूर. क्रेनवाला ओळखीचा आहे, दोन्ही विहिरी एका फेरीत करेल म्हणाला. काका, रविवारी सकाळच्या लोकलने या, स्टेशनला मी मोटारसायकल घेऊन येतो.